वरल्या उखळाचा तह

श्रीगजाननाच्या ज्या सुपाएवढ्या कानांत त्रिभुवनीचा गलबला मावतो, त्या कानांस प्रथम नमस्कार करून, आणि ज्यांस ज्यांस शेजार आहे त्या समस्त सज्जनांस रामराम लिहून, ही हकीकत सांगतो. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख मासी, ऊन माथ्यावर तळपत असता, एका राज्यात घडले ते ऐसे. राज्याचे नाव विचारू नये. नाव सांगितले की कोणी तरी ते अंगाला लावून घेतो आणि लिहिणाऱ्याच्या दारी येऊन उभा राहतो. राज्य नवे होते आणि उभे होते, मजल्यावर मजला रचून आभाळात गेले होते, आणि मजल्यामजल्यावर निरनिराळी संस्थाने नांदत होती. दर्शनी भाग ऐसा देखणा की येणाराजाणारा मान वर करून पाही. भिंती मात्र ऐशा पातळ की एका संस्थानी कोणी शिंकला तर पलीकडच्या संस्थानी चाललेले बोलणे सत्य ठरे. बांधणाऱ्याने सर्व मेहनत दरवाज्यातल्या कारंज्यावर खर्चिली होती आणि भिंतींची पाळी आली तेव्हा त्याचे मन विटले होते, ऐसे जाणते लोक म्हणतात.

या राज्याच्या सहाव्या मजल्याचे धनी राजश्री त्रिंबकराव नाईकनवरे. यांनी पाटबंधारे खात्यात उभी हयात चाकरी केली. आज या धरणावर, उद्या त्या कालव्यावर, खात्याच्या कॉलनीत एकटे राहावयाचे आणि सणावारास गावी यावयाचे, ऐसा त्यांचा क्रम होता. त्यांचे कुटुंब इंदुमतीबाईसाहेब गावीच राहिल्या, आणि त्यांनी सासूसासऱ्यांचे दुखणेखुपणे काढिले, लेकीस वाढविले, शेत राखिले. संसार उभयतांचा, परंतु दोघे दोन ठिकाणी नांदले. मग त्रिंबकराव सेवानिवृत्त जाहले, सासूसासरे स्वर्गवासी जाहले, लेक सासरी गेली, आणि त्रिंबकरावांनी मनाशी निश्चय केला की उरले आयुष्य आता एका छताखाली काढावयाचे. गावचे घर धाकटे बंधू केशवराव यांचे स्वाधीन करून त्यांनी सहाव्या मजल्यावर संस्थान थाटिले आणि बाईसाहेबांस सन्मानाने आणिले. पहिल्या सकाळी बाईसाहेब गॅलरीत उभ्या राहून केस विंचरीत होत्या, ते पाहून त्रिंबकरावांस इतका आनंद जाहला की तो त्यांनी कोणास सांगितला नाही.

हा आनंद फार दिवस टिकला नाही. सातव्या मजल्यावर श्रीमती सगुणाबाई लोहोकरे यांचा अंमल होता. यजमान अकाली गेल्यावर या बाईंनी कांडप मसाला करून लेकरे मार्गी लाविली होती, आणि त्यांच्या मसाल्याची कीर्ती पंचक्रोशीत ऐसी की गिऱ्हाईक घरचा मिक्सर बाजूस ठेवून त्यांच्या दारी येई. वैशाख म्हणजे मसाल्याची सुगी. दुपारची जेवणे उरकली की सगुणाबाई दगडी उखळ घेऊन बसत, आणि टोकास लोखंडी वसवी, म्हणजे कडे, बसविलेले मुसळ उचलून घाव घालीत. तो घाव मिरचीवर बसे, मिरचीतून उखळात उतरे, उखळातून फरशीत, फरशीतून छतात, आणि छतातून थेट इंदुमतीबाईसाहेबांच्या मस्तकात. बाईसाहेबांस पूर्वापार अर्धशिशीची व्यथा होती. दुपारी घटकाभर डोळा लागला तर व्यथा शमे, न लागला तर संध्याकाळपर्यंत उलटी होई आणि उजेड सोसेनासा होई. गावचे घर धाब्याचे, त्याच्या भिंती मातीच्या आणि हातभर रुंद, दारावरून वाजतगाजत वरात गेली तरी आत माजघरात कोणी तरी लांब परात घासते आहे इतकेच वाटावयाचे. त्या घरातून आलेल्या माणसाने हा धमधमाट कैसा सोसावा? बाईसाहेबांनी डोक्यास फडके बांधिले, सुंठ उगाळून लाविली, कानांत कापूस घातला, आणि निरुपाय जाहला तेव्हा एके दिवशी शांतपणे बोलिल्या.

"मी आपली गावाकडं जाते. भाऊजींना जीप घेऊन यायला सांगितलंय. तुम्ही सारा जन्म धरणांवर राहिलात, मी काही म्हटलं का? आता मी तिकडं राहते. तुम्ही येत जावा सणावाराला."

या बोलण्यात राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणूनच त्रिंबकरावांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांस कॉलनीतल्या त्या रिकाम्या खोल्या आठवल्या, तो एकाच माणसापुरता कुकर आठवला, आणि पुन्हा तैसेच दिवस काढण्याची कल्पना त्यांस सोसेना. त्यांनी जीप यावयाच्या आत बंदोबस्त करण्याचा विडा उचलिला. आवाज म्हणजे तरी काय, पाण्याचीच जात, फट मिळाली की शिरावयाचे आणि उतार मिळाला की वाहावयाचे. पाणी आपण जन्मभर अडविले, तेव्हा हाही अडवू, ऐसे त्यांच्या मनाने घेतले.

प्रथम राज्याच्या दरबारात, म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर, त्यांनी इतल्ला दिली आणि सल्ला मागितला. दरबारात सल्ल्यास कधी तोटा नसतो. एकाने मंत्र सांगितला, एकाने कानात घालावयाची बोंडे सांगितली, एकाने बांधणाऱ्यावर दावा लावण्याची मसलत दिली आणि पुढे दावा कोणी लावावयाचा म्हणताच मौन धरिले. एका महाभागाने अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतींस आणि छतास चिकटवावे, त्यात आवाज अडकून पडतो, ऐसे छातीठोक सांगितले. त्रिंबकरावांनी बाजारातून ट्रे आणविले आणि खुर्चीवर चढून आपल्या हाते चिकटविले. इकडे बाईसाहेब माळकरी, त्यांच्या चुलीस अंडे ठाऊक नाही, आणि त्या निजावयाच्या खोलीत येऊन पाहतात तो डोक्यावर शेकडो अंड्यांची रिकामी बिऱ्हाडे. त्यांनी नाकास पदर लाविला. मग वरून मुसळाचा घाव बसला, आणि धक्का पूर्वीसारखाच येऊन शिवाय दोन ट्रे गादीवर पडले. बाईसाहेबांनी ते उचलून दाराबाहेर ठेविले आणि दिवाणखान्यात जाऊन पडल्या.

मग त्रिंबकरावांनी मोठी मोहीम काढिली. कारागीर आणून खोलीस छताखाली दुसरे छत केले, मध्ये रॉकवूल म्हणतात ती दगडी लोकर ठासून भरिली, खिडक्यादारांच्या फटी चिकट लगद्याने लिंपिल्या, आणि काम पुरे होताच बाईसाहेबांस सन्मानाने आत नेऊन बसविले. मोहिमेस यश आले नाही म्हणणे खोटे होईल. वरची बोलणी बंद जाहली, टीव्ही बंद जाहला, शेजारचे भांडण अर्धवट ऐकू यावयाचे तेही बंद जाहले, आणि त्रिंबकराव मिशीस पीळ भरणार इतक्यात धम्म करून घाव आला. तो छतातून आला नाही, भिंतीतून आला, खांबातून आला, पलंग भिंतीस टेकला होता त्या पलंगाच्या पायातून आला. आणि आता बाकी सारे आवाज गेल्यामुळे तो एकटाच उरला आणि पहिल्याहून ठळक जाहला. बाईसाहेब उठून आपली बॅग भरू लागल्या. त्रिंबकराव बराच वेळ नव्या छताकडे पाहत उभे राहिले. बांध उंच करावा आणि पाण्याने पायातून झिरपावे, ऐसे त्यांचे जाहले होते.

तरी त्यांनी धीर सोडिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच, इतर राज्यांत आवाजाचा बंदोबस्त कैसा करतात ते डोळ्यांनी पाहून यावे म्हणून स्वारी मुलूखगिरीस निघाली. प्रथम खात्यातले जुने स्नेही सदाशिवराव माने यांजकडे गेली. त्यांची इमारत पन्नाशी उलटलेली, लिफ्ट नाही, रंग उडालेला, परंतु भिंती विटांच्या आणि भरभक्कम, शेजारचा माणूस आहे की नाही ते नळाच्या पाण्यावरून कळावे. त्यांस त्रास रस्त्याचा होता, म्हणून त्यांनी खिडक्यांस दुहेरी काचा बसविल्या होत्या. खिडकी लाविली तेव्हा हॉर्न, टेम्पो, सारे थंड जाहले आणि त्रिंबकरावांनी वाहवा केली; परंतु थोड्याच वेळात दोघेही घामाने निथळले, मग माने यांनी खिडकी उघडिली आणि अवघा रस्ता घरात आला. वारा हवा तर आवाजही घ्यावा लागतो, एवढा बोध घेऊन आणि चहा घेऊन स्वारी पुढे निघाली.

पुढे लेक वैजयंती हिजकडे मुक्काम जाहला. तिचे घर दोन खोल्यांचे, माणसे पाच, आणि त्यात लोकर भरावयास जागा कोठली? तेथे आवाज अडविण्याचे कोणाच्या मनात येत नसे. ज्याचा आवाज त्यानेच तो आवरावा ऐसी चाल होती. सासूबाई मालिका पाहावयाच्या त्या कानास हेडफोनचे यंत्र लावून, कुकर लावावयाचा तो नातवाची शिकवणी संपल्यावर, आणि लोखंडी खाटेच्या चारी पायांस जुन्या चपलांचे तळ कापून बांधिलेले. खाट सरकविली तरी चूं होत नाही. त्रिंबकरावांनी खाली वाकून ते पाय निरखिले आणि ही युक्ती कोणाची म्हणून पुसिले. वैजयंती बोलिली, "खालच्या काकू येऊन बसल्या, दादा. म्हणाल्या, खाट सरकली की माझ्या छातीत धडकी भरते गं. मग घातलं आम्ही."

हे ऐकताच त्रिंबकरावांनी कपाळास हात लाविला. जन्मभर कनिष्ठांस शिकविले होते की कालव्याचे पाणी शेवटच्या शेतात अडवू नये, मुखाशी अडवावे, आणि आपण स्वतः सहाव्या मजल्यावर, अगदी शेपटाकडे, बांध घालीत बसलो. आवाजाचे मुख सातव्या मजल्यावर. उखळाखाली रबर गेले की घाव फरशीस लागणारच नाही, मग छत कशाला आणि लोकर कशाला? स्वारी आनंदाने परत फिरली. परंतु लेकीच्या बोलण्यातले अर्धेच त्यांच्या कानी शिरले होते. चपलांचा तळ त्यांनी ध्यानी ठेविला, आणि काकू येऊन बसल्या हे वाऱ्यावर सोडिले.

मग खात्यातल्या रिवाजाप्रमाणे सर्व जाहले. खात्यात साहेब कोणाच्या दारी जात नाही, माल मागवितो आणि शिपायाकरवी पाठवितो. वाटेवरच्या दुकानात जाड रबर म्हणून पायपुसणे मिळाले, चांगले बोटभर जाडीचे, त्यावर सोनेरी अक्षरांत सुस्वागतम् लिहिलेले. ते त्रिंबकरावांनी वॉचमनच्या हाती दिले आणि हे उखळाखाली घालावे, सहाव्या मजल्यास त्रास होतो, ऐसा निरोप सांगून त्यास वर रवाना केला, आणि आपण खुर्चीत बसून फत्तेची वाट पाहू लागले. वॉचमन लगेच परत आला. पायपुसणे नीट गुंडाळलेले होते, आणि निरोप उभयतांसमोर जसाच्या तसा सांगण्याची त्यास ताकीद होती, म्हणून त्याने छताकडे पाहत तो सांगितला.

"ज्या उखळानं माझी पोरं शिकली त्याच्याखाली पायपुसणं घालू व्हय? आधी तुमच्या देव्हाऱ्यात घाला, मग मला सांगा. याआधी एका घरातनं असंच मला उठवलंय लोकांनी. इथनं मी उठायची नाही."

वॉचमन गेला, आणि वर मुसळ सुरू जाहले, आणि त्या दिवशीचे घाव ऐसे बसले की फळीवरची पातेली एकमेकांस हे काय म्हणून विचारू लागली. त्रिंबकरावांनी हात टेकिले. केशवरावांची जीप उद्या सकाळी यावयाची होती. त्यांस वाटले, आता बाईसाहेब पायपुसण्याकडे बोट करून आपला उद्धार करतील, आणि तो ऐकण्याची त्यांनी तयारी केली. परंतु बाईसाहेब फडके सोडून उठून बसल्या होत्या आणि त्यांच्या मुद्रेवर व्यथेपेक्षा नवल अधिक होते.

"बरोबर बोलली ती बाई," त्या म्हणाल्या. "लग्नात उखळाला हळदकुंकू लावून, मुसळाला आंब्याचा डहाळा बांधून मग हळद कुटतात. त्याच्याखाली पायपुसणं? एवढी वर्षं सरकारनं तुमच्या हाती धरणं दिली तरी कशी!"

मग बाईसाहेब आपल्या बॅगेशी गेल्या आणि भरलेले कपडे बाजूस सारून तळातून एक वाकळ काढिली. गावी त्यांनी आपल्या हाते शिवलेली, सासूबाईंची लुगडी आणि आपली स्वतःची लग्नातली हिरवी नऊवारी तिच्या पोटात घातलेली, वजनदार, टाक्याटाक्यांनी घट्ट जाहलेली. गावी गेल्यावर अंथरावयाची म्हणून ती प्रथम भरिली होती. ती त्यांनी खांद्यावर घेतली, दुसऱ्या हाती हळदीकुंकवाचा करंडा घेतला, आणि डोके ठणकत असता जिना चढू लागल्या. लिफ्ट घे म्हणून त्रिंबकराव मागून सांगत होते, त्याकडे त्यांनी लक्ष दिले नाही. त्रिंबकराव चार पायऱ्या मागे राहून निघाले.

सगुणाबाईंनी दार उघडिले ते भांडण्याच्या तयारीने, हात मसाल्याने लाल, पदर खोचलेला. समोर बाईमाणूस, खांद्यावर वाकळ आणि हाती करंडा, हे पाहून त्यांनी खोचलेला पदर सोडिला. इंदुमतीबाईसाहेबांनी प्रथम माझ्या माणसाची चूक जाहली म्हणून सांगितले, मग आपली व्यथा सांगितली, आणि मग उखळ कोठे आहे म्हणून विचारिले. उखळ स्वयंपाकघरात उघड्या फरशीवर होते. बाईसाहेब त्याजपुढे बसल्या आणि त्यास हळदकुंकू वाहिले. वाकळेची घडीवर घडी घालून त्यांनी चौरंगाएवढे आसन केले, आणि सगुणाबाईंस म्हणाल्या, "हे पायपुसणं नव्हे. माझ्या लग्नातलं लुगडं आहे यात. तुमच्या उखळाला बसायला आसन म्हणून आणलंय. चालंल का तुम्हाला?"

सगुणाबाईंनी खाली वाकून ते आसन निरखिले. मग त्यांनी पदराने डोळे पुसावयास घेतले, हातास मसाला होता हे ध्यानी आले नाही, आणि डोळे ऐसे झोंबले की त्यांस मोरीकडे धावावे लागले आणि बाईसाहेबांनीच त्यांच्या तोंडावर पाणी मारिले. त्या गडबडीत दोघींचा संकोच पार गेला. मग एका बाजूने सगुणाबाई आणि दुसऱ्या बाजूने त्रिंबकराव ऐसे उखळ उचलून आसनावर ठेविले, आणि ठेविताना त्रिंबकरावांच्या कमरेत उसण भरली, ती त्यांनी उघड केली नाही. आता परीक्षा घ्यावयाची म्हणून त्यांस खाली धाडिले. ते आपल्या खोलीत येऊन पलंगावर बसले आणि छताकडे कान देऊन राहिले. काहीच ऐकू येईना. त्यांनी भिंतीस कान लाविला, खांबास लाविला, तरी ऐकू येईना. मग त्यांच्या मनात आले की वर पुन्हा भांडण जुंपले असावे आणि कांडपच थांबले असावे, म्हणून कंबर धरून ते पुन्हा वर गेले, तो दोघी समोरासमोर बसून आळीपाळीने मुसळ चालवीत होत्या आणि गावच्या गोष्टी करीत होत्या. घाव ठीक बसत होते आणि वाकळ ते पोटात घेत होती. त्रिंबकरावांनी दारातूनच हात जोडिले.

ऐसे सर्व यथास्थित जाहले, तरी एक गोष्ट उरली होती. जीप सकाळी येणारच होती, बॅग पलंगाशी उभीच होती, आणि बाईसाहेबांनी जावयाचे की राहावयाचे ते सांगितले नव्हते. खाली येऊन त्या नुसत्या आडव्या जाहल्या आणि कित्येक दिवसांनी त्यांचा डोळा लागला. त्रिंबकरावांस विचारावयाचा धीर होईना. आवाज गेला म्हणून काय जाहले, माणसाचे मन एकदा उठले की उठले, ऐसे त्यांस वाटत होते. ते स्वयंपाकघरात गेले, चहाचे आधण ठेविले, आणि आले किसता किसता हलक्या आवाजात बोलू लागले. दूध आज पातळ आहे. साखर तुला कमी लागते, मला ठाऊक आहे. केशवरावास जेवूनच जा म्हणावे, वांगी आहेत घरात. तू गेलीस तर ही वांगी मी एकटा किती दिवस खाणार? ऐसे बोलत असता मागे पाहतात तो दारात बाईसाहेब उभ्या.

"कुणाशी बोलताय?" त्यांनी विचारिले.

त्रिंबकराव ओशाळले. किसणी खाली ठेवून म्हणाले, "सवय आहे जुनी. कॉलनीत घरात कुणी नसायचं. मग बोलायचो आपला."

"अहो, पण कुणाशी?"

"तुझ्याशीच."

बाईसाहेब चौकटीस धरून उभ्या राहिल्या. त्यांस रडू आले आणि ते त्यांनी लपविले नाही. इतकी वर्षे हा मनुष्य तिकडे एकटा सुखात आहे ऐसे त्या धरून चालल्या होत्या, आणि त्या सुखाबद्दल मनात थोडा राग बाळगून होत्या. त्यांनी आधण उतू जाते म्हणून गॅस बारीक केला, दोन कप काढिले, आणि केशवरावांस फोन लावून, जीप आणू नका, मसाला घ्यावयास यावयाचे तर सुगी संपल्यावर या, ऐसे कळविले. मग स्टूल ओढून बसल्या आणि त्रिंबकरावांस म्हणाल्या, "हं, बोला. वांग्यांचं काय म्हणत होता?"

एकंदरीत हकीकत येणेप्रमाणे. जुन्या घरास जाड भिंती असतात, नव्या घरास लिफ्ट असते, लहान घरास यांतले काहीच नसते म्हणून तेथील माणसे एकमेकांस सांभाळून राहतात. वाकळ सातव्या मजल्यावर कायम जाहली, बदल्यात सहाव्या मजल्यास मसाला पोहोचू लागला, आणि पायपुसणे दोन्ही दारांच्या मध्ये जिन्यात पडून आहे, ते कोणी उचलीत नाही. सहाव्या मजल्यावरून हल्ली दुपारच्या वेळी बोलण्याचा आवाज येतो. बहुत वर्षांचे साचलेले आहे, लवकर सरेल ऐसे दिसत नाही. तो पाचव्या मजल्यास स्पष्ट ऐकू जातो, आणि पाचव्या मजल्याने आपला टीव्ही बारीक केला आहे. इति.